आमचा आठ कारखानदारांचा गट आहे, धंद्यातल्या आणि घरातल्या अडचणी एकमेकांशी बोलायला भेटतो. दोन दिवसांच्या रिट्रीटला बाहेरचा फॅसिलिटेटर, म्हणजे चर्चा चालवून देणारा माणूस, घ्यावा की आपलं आपणच करावं?

तुम्ही लिहिलंय त्यावरून: नाशिकचे आठ जण, वर्षभर महिन्यातून एकदा भेटताय, आता दोन दिवस बाहेर जायचं ठरतंय. फॅसिलिटेटरने सांगितलेली फी जवळपास रिसॉर्टच्या बिलाएवढी आहे आणि गटातले निम्मे म्हणतायत, "आपणच बोलू की, त्यासाठी माणूस कशाला?"

पहिल्या वेळी तरी माणूस घ्या. पैसे वाचवायचे असतील तर रिसॉर्टवर वाचवा.

मी भोसरीत प्रेस शॉप (छपाईचं नाही, पत्र्याच्या पार्ट्सचं) चालवतो आणि अशाच एका गटात बरीच वर्षं आहे. आम्ही फॅसिलिटेटर घेऊनही गेलोय आणि न घेताही. न घेता गेलो तेव्हा मजा आली, खोटं कशाला बोलू. पण त्यातलं आज आठवतं ते फक्त जेवण.

महिन्याच्या तीन तासांत काय होतं ते तुम्हाला माहीत आहेच. दोघं ट्रॅफिकमध्ये अडकतात, प्रत्येकाची महिन्याची खबरबात सांगून होईपर्यंत निम्मा वेळ जातो, आणि उरलेल्या वेळात जीएसटीची नोटीस, पैसे अडकवणारा कस्टमर, सोडून गेलेला सुपरवायझर. हे विषय महत्त्वाचे आहेतच. पण मुलगा धंद्यात यायला तयार नाही, भावाशी बोलणं फक्त अकाउंटंटमार्फत होतं, बँकेच्या कागदावर बायकोची जामीनदार म्हणून सही आहे आणि तिला रकमेचा आकडा माहीत नाही, असले विषय तीन तासांच्या मीटिंगमध्ये कुणी काढत नाही. ते निघायला दुसरा दिवस उजाडावा लागतो. रिट्रीट असतं ते यासाठी.

अशा गटांचा प्रकार मूळचा अमेरिकेतला. वायपीओ ही तरुण कंपनीप्रमुखांची संघटना १९५० मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला रे हिकॉकने सुरू केली. हा वयाच्या सत्ताविशीत वडिलांचा पट्ट्यांचा कारखाना अंगावर पडलेला गृहस्थ, म्हणजे आपल्यातल्या अर्ध्यांसारखाच. १९५७ ला मिलवॉकीत टेक ही अशीच संस्था सुरू झाली, जिला आज व्हिस्टेज म्हणतात; तिथे गट चालवायला पैसे घेऊन काम करणारा चेअर असतो. ईओ ही उद्योजकांची संघटना १९८७ ची. वायपीओ आणि ईओमध्ये महिन्याची बैठक सभासदांपैकीच एक जण मॉडरेटर होऊन चालवतो, पण रिट्रीटला बाहेरचा माणूस आणणारे गट त्यांच्यातही भरपूर आहेत. कारण साधं आहे: मॉडरेटरलाही स्वतःचं काहीतरी बोलायचं असतं, आणि घड्याळ बघत बघत ते बोलता येत नाही.

आता खोलीत नेमकं काय होतं ते सांगतो. आमच्यातल्या एकाचा विषय, त्याला विचारून आणि तपशील बदलून. त्याने मांडलेला प्रश्न असा: पुतण्या दोन वर्षांपासून फॅक्टरीत येतोय, वहिनींना त्याला डायरेक्टर करायचंय, मोठा भाऊ गप्प आहे, शेअर्स किती द्यावेत? त्याचं सांगून झालं आणि लगेच आमच्यातला एक म्हणाला, "तू सीएला विचारलंस का?" फॅसिलिटेटर बाई शांतपणे म्हणाल्या, "हा प्रश्न आहे की सल्ला?" सगळे हसले, पण मग खरंच गप्प बसले. प्रत्येकाने कागदावर आपल्या आयुष्यातला एक प्रसंग लिहायचा आणि फक्त तेवढाच सांगायचा. "तू असं कर" हे वाक्य बंद. एक जण, एरवी फारसं न बोलणारा, म्हणाला, "आमच्या वडिलांनी काकांना वेगळं काढलं त्या दिवशी काकांनी गोडाउनच्या चाव्या टेबलावर ठेवल्या आणि समोर आलेला चहा न घेता गेले. आजही आमच्याकडच्या लग्नाला येतात. जेवत नाहीत."

त्यानंतर शेअर्सच्या टक्केवारीवर कुणी बोललंच नाही. ज्याचा विषय होता तोच म्हणाला की टक्केवारी सीए काढून देईल, आधी दादाच्या घरी एकट्याने जायला हवं. गेलाही. पुढे काय झालं तो त्याचा विषय.

हेच आम्ही आमचे आम्ही केलं असतं तर पहिल्या पाच मिनिटांत सात सल्ले पडले असते. आपल्याकडे अडचण अजून एक आहे. गटात एक जण वयाने मोठा असतो, सगळे त्याला साहेब किंवा काका म्हणतात, आणि तो बोलायला लागला की त्याला थांबवणार कोण? बाहेरचा माणूस थांबवू शकतो. फी त्यासाठीच आहे असं समजा.

पण फॅसिलिटेटर बघून घ्या, या धंद्यात उत्साही लोक फार. जो तुमच्यापैकी प्रत्येकाशी आधी फोनवर स्वतंत्र बोलायला तयार नाही तो नको. जो पहिल्याच फोनवर नंतरच्या कोचिंग पॅकेजचा विषय काढतो तो नको. निखाऱ्यावरून चालवणारे, डोळे बंद करून रडायला लावणारे तर लांबूनच नमस्कार. आयुष्याची रेघ काढायचा व्यायाम बहुतेक सगळेच घेतात: कागदावर आडवी रेघ, चांगले प्रसंग वर, वाईट खाली, आणि प्रत्येकाने ती उभं राहून समजावायची. चांगला व्यायाम आहे. मात्र किती खाली जायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. कुणी थांबला तर पुढे खोदायचं नाही. कुणाला खरंच नैराश्य असेल तर त्याला डॉक्टर लागतो, रिट्रीट नाही. आणि मराठीत चालवणारा मिळाला तर दहा पैकी दहा मार्क. माणसं बजेटबद्दल इंग्रजीत बोलतात, वडिलांबद्दल नाही.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट मला जास्त खटकली. आठातले दोघं एकाच कंपनीचे व्हेंडर आहेत आणि तिघांचे आपापसात जॉबवर्कचे व्यवहार आहेत, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. हे जाता जाता लिहायचं नाही, आधी सोडवायचं आहे. ज्याच्याकडे माझे पैसे अडकलेत त्याच्यासमोर मी माझी कॅश फ्लोची अडचण कशी सांगणार? असे गट साधारणपणे तीन नाती टाळतात: स्पर्धक, ग्राहक-पुरवठादार आणि नातेवाईक. एमआयडीसीत हे शंभर टक्के जमत नाही, सगळेच कुणाचे ना कुणाचे व्हेंडर. निदान कोण कुणाशी कशात गुंतलाय ते फॅसिलिटेटरला आधी सांगा आणि असे गुंतलेले लोक वेगवेगळ्या जोड्यांत बसवायला सांगा. एकाच कस्टमरला कोट करणाऱ्या दोघांनी रेटबद्दल अजिबात बोलायचं नाही. ही नुसती सभ्यता नाही. स्पर्धकांनी भाव ठरवणं २००२ च्या स्पर्धा कायद्यात बसत नाही, मग ते गच्चीवर बसून ठरवलेलं असो की ऑफिसात.

गुप्ततेबद्दल सगळे छातीठोक बोलतात. "इथलं इथेच." बायकोलाही सांगायचं नाही, हा नियम ठेवाच. पण हा आपसातला शब्द आहे, कायद्याचं कवच नाही. वकिलाशी बोललेलं कायद्याने सुरक्षित असतं. मित्राशी किंवा फॅसिलिटेटरशी बोललेलं नसतं. चालू कोर्टकेस, कराचा वाद, असल्या गोष्टींचे कागद घेऊन येऊ नका. मनावर काय चाललंय ते सांगा. तुमच्यापैकी कुणाची कंपनी शेअर बाजारात, अगदी छोट्या कंपन्यांसाठीच्या एसएमई प्लॅटफॉर्मवर का होईना, पण लिस्टेड असेल तर त्याने जाहीर न झालेले आकडे गटात बोलायचे नाहीत. सेबीचे २०१५ चे इनसायडर ट्रेडिंगचे नियम त्यालाही लागतात आणि ऐकून शेअर घेणाऱ्यालाही.

बाकी व्यवस्था थोडक्यात. शनिवार-रविवार लोणावळा किंवा इगतपुरी नको. शेजारच्या बंगल्यावर डीजे असतो. आम्हा भोसरीकरांना गुरुवारची सुट्टी, म्हणून बुधवारी संध्याकाळी निघतो. मार्चअखेर, गणपती आणि दिवाळी बोनसचा आठवडा सोडा. फोन जमा करण्याची नाटकं करू नका, फॅक्टरी चालू असताना कुणाचं मन लागणार नाही; नाश्त्यानंतर आणि संध्याकाळी अर्धा अर्धा तास फोनला द्या, मध्ये बंद. दारू पहिल्या रात्री नको, दुसऱ्या दिवशी सकाळी बोलायचं असतं. एकाच मोठ्या गाडीने गेलात तर फार छान, निम्मं रिट्रीट परतीच्या गाडीत होतं. खोली अशी बघा जिथे आठ खुर्च्या गोल मांडता येतील आणि वेटर दर दहा मिनिटांनी "साब, पकोडा?" करत येणार नाही. कॉन्फरन्स हॉल, प्रोजेक्टर काही लागत नाही.

फी आठ जणांत वाटा, बिल रीतसर घ्या. आणि "माणूस कशाला" म्हणणाऱ्यांत जो सगळ्यात मोठ्याने बोलतोय ना, फॅसिलिटेटरशी पहिला फोन त्यालाच करू द्या.