लिफ्टमध्ये राऊटर बसवताना

भाऊ, राऊटर म्हणजे लाकडात खाच पाडणारं यंत्र, आणि लिफ्ट म्हणजे ते टेबलाखाली धरून वर-खाली करणारी चौकट. ती मागवण्याआधी राऊटरच्या मोटरचा व्यास व्हर्नियरने मोजून घे. बऱ्याच लिफ्ट साडेतीन इंची, म्हणजे 89 मिमीच्या मोटरसाठी असतात. ट्रिमर, म्हणजे लहान राऊटर, 65 मिमीच्या आसपास भरतो. त्याला त्याच लिफ्टची रिंगच, म्हणजे मधली जागा भरणारं कडं, लाव, पत्रा-रबर कोंबून भागवू नको. मोटर तिरपी बसली की बिट, म्हणजे कापणारं पातं, काटकोनात राहत नाही, खाच एका बाजूला खोल जाते. क्लॅम्प आवळतानाही बेतानं. मोटर घसरू नये एवढंच.

आता बिटचं नीट ऐक. 12 मिमी आणि अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिमी, दोन्ही मापांचे शँक, म्हणजे बिटचे दांडे, दुकानात शेजारी शेजारी ठेवलेले असतात. 12 चा बिट अर्ध्या इंचाच्या कोलेटमध्ये, म्हणजे बिट पकडणाऱ्या चिमट्यात, आवळल्यासारखा वाटतो, पण लाकडात शिरला की सरकतो. असा कधीच लावू नको. योग्य शँकही तळाला टेकवून 2-3 मिमी वर ओढ, मगच पाना फिरव.

लिफ्टच्या स्क्रूला तेल नको, भुसा चिकटतो. कोरडं मेण घास. आलापल्लीकडचं सागवान असेल तर धार लवकर बोथट होते, तेव्हा एका फेरीत थोडंच काप.

आणि गावात लाइन कधीही जाते. बटण चालूच राहिलं तर लाइन येताच बिट फिरू लागतो, तेव्हा तुझी बोटं तिथंच असतील. म्हणून लाइन गेल्यावर स्वतःहून बंद पडणारा, पुन्हा दाबल्याशिवाय सुरू न होणारा स्विच टेबलाला आधी बसव. बिट बदलताना प्लग काढून समोर दिसेल असा ठेव.