आधी तिचं गाव ठरव

प्रिय मित्रा,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या चित्रकथेसाठी योजलेल्या, अचाट शक्ती असलेल्या पात्रांची वही वाचली. भराभर नखं वाढणारा, दुसऱ्याची शिंक आधीच कळणारा आणि नुसत्या हाताने ओले कपडे वाळवणारी. पहिल्या दोघांना हसून झालं की त्यांच्याबद्दल विचारण्यासारखं काही उरत नाही. तिसरीबद्दल मात्र मला बरंच विचारायचं आहे.

त्याआधी थोडा इतिहास. १९३८ साली सुपरमॅन जन्माला घालणाऱ्या दोघांपैकी लेखक होता जेरी सीगल. याच सीगलने १९६२ मध्ये, तिसाव्या शतकात घडणाऱ्या एका अमेरिकन चित्रकथामालिकेत, ‘मॅटर-ईटर लॅड’ हा पोरगा आणला. त्याची शक्ती काय, तर तो काहीही खाऊन पचवतो. दगड, लोखंड, काहीही. ऐकायला चेष्टा वाटते. पण त्याच्या बिस्मॉल ग्रहावरचं सगळं अन्न सूक्ष्मजंतूंमुळे खाण्याजोगं उरलं नव्हतं, हे कळलं की ती चेष्टा राहत नाही. तिथे सगळेच असं खातात, नाहीतर जगले नसते.

पुढच्याच वर्षी त्याच मालिकेत, शक्तिमान पोरांच्या मुख्य तुकडीने नाकारलेल्या मुलांनी आपली वेगळी तुकडी काढली. त्यातला ‘स्टोन बॉय’ माझा फार लाडका. तो दगड होतो, आणि एकदा दगड झाला की हलता येत नाही. त्याच्या ग्रहावर रात्र सहा महिन्यांची असते आणि ती काढायला माणसं दगड होऊन झोपतात. ‘नाइट गर्ल’मध्ये अचाट ताकद आहे, पण फक्त अंधारात. तिच्या ग्रहावर उजेडच नाही, त्यामुळे तिथे तिचं काही अडत नव्हतं.

म्हणून आधी गाव ठरव. शक्ती तिथे का आली ते ठरव, आणि मग नायकाला अशा ठिकाणी नेऊन सोड जिथे तिचं कुणालाच काम नाही. तुझ्या मुलीला आंबोलीत जन्माला घाल. जुलैत तिथे आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत, अंथरुणंसुद्धा दमट लागतात. तिथे शेजारणी तिला हाका मारून बोलावतील. मग वडिलांची बदली कर, नागपूरला, ऐन मे महिन्यात. तिथे धुणं दोरीवर टाकेपर्यंत वाळतं. आता ती कोण?

आणि ही शक्ती तिला बंद करता येते का? हे तू वहीत कुठेच लिहिलेलं नाहीस. १९६३ साली सुरू झालेल्या ‘एक्स-मेन’ या अमेरिकन चित्रकथेतल्या सायक्लॉप्सच्या डोळ्यांतून निघणारा झोत त्याला थांबवता येत नाही, म्हणून तो सदैव लाल स्फटिकाचा चष्मा लावून वावरतो. लढाईपेक्षा त्याचं हे रोजचं जगणं मला जास्त धरून ठेवतं. तुझ्या मुलीला कणीक भिजवता येईल का? पीठ कोरडंच राहील ना! रडणाऱ्या धाकट्या भावाचा गाल तिने पुसला तर त्याची कातडी तडकेल का? कपड्यांतलं पाणी शेवटी जातं कुठे, तिच्या अंगात? असे नियम पक्के कर आणि ते मोडू नकोस.

शेवटच्या पानावर तू पूर आणलास आणि तिने नदी आटवून गाव वाचवलं. ते पान काढून टाक. गरजेपुरतं संकट आणून नायिकेला मोठं केलं की आधीची सगळी अडचण खोटी ठरते. मला तिची अडचण खरी हवी आहे. आणि कृपा करून तिचं ‘टॉवेलताई’ हे नाव बदल. तिला तिच्या आईने ठेवलेलं नाव असेल.

नव्याने सुरुवात करताना लढाई नको. नागपुरातला तिचा एक रविवार लिही, सकाळच्या चहापासून. घरात कोण कोण आहे, कुणाला तिच्याबद्दल माहीत आहे आणि कुणापासून ती हात लपवते, एवढं आलं तरी पुरे. चित्रं नंतर काढ. मजकूर आधी पाठव, मी वाट पाहतो आहे.

तुझा,
काका