वर्गाचं नाव नको, वर्कशीट बघा

तुम्ही विचारलंय की टेक्ससमधल्या पब्लिक स्कूलमध्ये नववीच्या ऐच्छिक विषयांत बायबल दिसतंय, हे कायद्यात बसतं का आणि मुलीने घ्यावं का. बसतं. आमच्या लेकीने घेतलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

'कोर्टाने बायबल शाळेतून हद्दपार केलं' हे पॉटलकला हमखास कानावर येतं. ते अर्धंच खरं. १९६३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात शेम्प कुटुंबाच्या खटल्यात रद्द झाला तो पेनसिल्व्हेनियाचा कायदा, रोज शाळा भरताना बायबलची दहा वचनं वाचायला लावणारा. (शेम्पांचा मुलगा १९५६ साली निषेध म्हणून वर्गात कुराण उघडून बसला होता!) पण त्याच निकालात न्यायमूर्ती क्लार्क यांनी लिहिलंय की साहित्य आणि इतिहास म्हणून, तटस्थपणे बायबल शिकवायला हरकत नाही. टेक्ससचा ऐच्छिक वर्गांचा कायदा २००७ चा. त्यात ठरावीक एकच भाषांतर मुलांवर लादता येत नाही. हे कलम क्षुल्लक वाटेल, पण १८४४ मध्ये फिलाडेल्फियात शाळेत कॅथलिकांचं की प्रोटेस्टंटांचं बायबल वाचायचं या वादातून दंगली पेटल्या, चर्च जळली, माणसं मेली.

लेकीची एक वर्कशीट अजून आठवते. येशूच्या जन्माची गोष्ट बायबलमध्ये त्याचं चरित्र सांगणाऱ्या मत्तय आणि लूक या दोघांकडून वाचायची आणि दोन रकाने भरायचे. ताऱ्यामागून येणारे ज्ञानी लोक फक्त मत्तयकडे, गव्हाणी आणि मेंढपाळ फक्त लूककडे. डिसेंबरात सगळ्यांच्या अंगणात दोन्ही एकत्र मांडलेले असतात! याला म्हणतात शिकवणं. पुढच्याच महिन्यात प्रश्न आला, 'या उताऱ्यातून देवाची तुझ्यासाठी काय योजना दिसते?' हे संडे स्कूल, म्हणजे चर्चमधला धर्माचा वर्ग झाला. मी शिक्षिकेला शांतपणे ईमेल केली आणि तो प्रश्न काढला गेला. बाई वाईट नव्हत्या, चर्चमधली सवय वर्गात आली, इतकंच.

घ्यावं का? माझं मत, घ्यावं. शकुनीमामा, कुंभकर्ण माहीत नसलेल्याला मराठी पेपरचा अग्रलेख जसा अर्धाच कळेल, तसं इथल्या मुलांचं बायबलमधल्या केन आणि एबल, जोब, समॅरिटन यांच्यावाचून होतं. लिंकनची भाषणंसुद्धा त्याशिवाय निम्मी डोक्यावरून जातात.

धाकटा प्राथमिक शाळेत असेल तर प्रकरण वेगळं. टेक्ससच्या राज्य शिक्षण मंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ८ विरुद्ध ७ मतांनी मंजूर केलेल्या 'ब्लूबॉनेट' वाचनपाठांत बायबलच्या गोष्टी आहेत. ते घ्यायचे की नाही हे तुमचं स्कूल डिस्ट्रिक्ट (स्थानिक शाळांचा कारभार बघणारी संस्था) ठरवतं, पण घेतले तर तो ऐच्छिक विषय नसतो, रोजचा भाषेचा तास असतो. सहा वर्षांच्या पोराला 'असं लिहिलंय' आणि 'असं घडलं' यातला फरक कुठून कळणार? माझी खरी काळजी तिथे आहे.

नाव नोंदवण्याआधी शिक्षकांना भेटा आणि मागच्या वर्षीच्या दोन-तीन चाचण्या बघायला मागा. सहसा देतात.