कृपा आधी

प्रिय बाय,

येत्या रविवारी राजोडीच्या समुद्रात पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा का, हे तू विचारलंस तेव्हापासून मला चैन नाही. तुझ्या प्रार्थनागटाचं म्हणणं, तान्हेपणीचा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, खरा नाही, कारण तेव्हा तुझा विश्वास नव्हता. आणि तू लिहितेस, ‘मला तर त्यातलं काहीच आठवत नाही.’

आठवायचं कशाला? तिथे करणारी तू नव्हतीसच, करणारा देव होता. आपली सामवेदी बोली तुला कुणी विचारून दिली? कानावर पडत गेली, मग तू ती बोलू लागलीस. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला, असं पौल रोमकरांना लिहितो. आपण शहाणे झाल्यावर नव्हे. कृपा आधी, होकार नंतर.

त्या लोकांची निष्ठा मी कमी लेखत नाही. 1525 मध्ये झुरिकला याच मतासाठी माणसं उभी राहिली आणि 1527 मध्ये फेलिक्स मान्झला त्यापायी नदीत बुडवून मारलं. कळत्या वयात आपला होकार आपण द्यावा, हे त्यांचं म्हणणं रास्तच आहे. त्यासाठीच आपल्याकडे दृढीकरण, म्हणजे श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार, आहे. ईस्टरच्या जागरणविधीत पेटती मेणबत्ती हातात धरून आपण स्नानसंस्काराची वचनं दरवर्षी पुन्हा देतो. वचनं पुन्हा द्यावीत, पाणी पुन्हा नाही. पाणी पुन्हा घेणं म्हणजे देवाला सांगणं, की पहिल्या वेळी तुझं काम अपुरं राहिलं.

संस्कार देणारा फादर कसा होता, हेही मनात आणू नकोस. तो वाद संत ऑगस्टिनने उत्तर आफ्रिकेत कधीच निकालात काढला: हात पेत्राचा असो की ख्रिस्ताला दगा देणाऱ्या यहूदाचा, बाप्तिस्मा देतो तो ख्रिस्तच.

मग कृपाच आधी असेल तर पाणी तरी हवं कशाला, असं तू विचारशील. प्रेषितांच्या कृत्यांचा दहावा अध्याय काढ. कोर्नेल्य या रोमी अधिकाऱ्याच्या घरात पेत्र बोलतोय तोच पवित्र आत्मा उतरला, पाण्याला हातही लागण्याआधी. आणि तरीही पेत्राने त्यांना बाप्तिस्मा द्यायला लावलाच. आत्मा पाण्यासाठी अडून राहिला नाही, म्हणून पाणी वाया गेलं नाही. आपण देहाची माणसं आहोत. मिळालेलं दान अंगाला लागावं, सगळ्यांसमोर आपलं नाव घेतलं जावं, याची आपल्याला गरज आहे. देवाला नाही.

या मुद्द्यावर मी आवाज चढवतो, हटवादी म्हणून ओळखला जातो. असू दे. माझ्या बहिणीचं बाळ जन्मल्या रात्रीच गेलं, पाणी पडायच्या आधी. एका वडीलधाऱ्या माणसाने तिला तोंडावर सांगितलं, त्याला देवाचं दर्शन नाही. ती आयुष्यभर त्या वाक्याखाली दबून जगली. 2007 मध्ये व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगाने सांगितलं, की अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत. ते वाचायला ती नव्हती. म्हणूनच आईवडील मिस्सेला येत नाहीत, तर बाळाचा संस्कार थांबवा, असं कुणी म्हटलं की मी भांडतो. बाळ श्रद्धेत वाढेल अशी सबळ आशा कॅनन लॉ, म्हणजे चर्चचा कायदा, मागतो ना? रोज संध्याकाळी रोझरी म्हणणारी आजी घरात आहे, ही आशा मला पुरते. कृपा आईबापांची हजेरी घेऊन मग येत नाही.

तुला तर हे कळायला हवं होतं! प्रार्थनेत डोळे भरून आले नाहीत म्हणून आपलं तारण झालं नसेल, ही भीती तुझ्यात कुणी घातली? उद्या समुद्रातून बाहेर आल्यावरही डोळे कोरडेच राहिले, तर तिसऱ्यांदा उतरशील?

गट सोडू नकोस, बायबल ते मनापासून शिकवतात. पण रविवारी पाण्यात उतरू नकोस. त्याआधी निर्मळला तुझ्या धर्ममातेकडे जा. तू कडेवर होतीस तेव्हा विश्वासाच्या प्रश्नांची उत्तरं तिने दिली होती. तेच प्रश्न तिला विचारायला सांग आणि या वेळी उत्तरं तू दे, मोठ्याने. मी सोबत यावं असं वाटलं तर शनिवारी निरोप दे.

तुझा,
सर