न्यूक्लिअर पोर : छिद्र, रंध्र की उतार?

प्रश्न असा आहे : पेशीकेंद्रकाच्या आवरणातल्या 'न्यूक्लिअर पोर'ला मराठीत केंद्रकछिद्र म्हणावे की केंद्रकरंध्र?

या दोहोंत रंध्र. छिद्र आले 'छिद्' म्हणजे कापणे, तोडणे यावरून. फुटक्या भांड्याला असते ते छिद्र. शिवाय छिद्र म्हटले की 'पटल चाळणीसारखे असते' हे वाक्य मागोमाग येतेच, आणि ते साफ चूक आहे. चाळणीतून बारीक ते गळते. पेशीपटलातल्या पोटॅशियमच्या मार्गिकेत (आयन जातात ती प्रथिनाची वाट) मात्र लहान सोडियम आयन अडतो आणि मोठा पोटॅशियम पार होतो. आत शिरताना आयनाला भोवतीचे पाणी टाकावे लागते. मार्गिकेतले ऑक्सिजन अणू पोटॅशियमच्याच मापाने बसवलेले असल्याने त्याची भरपाई होते, सोडियमची होत नाही. ही रचना १९९८ मध्ये शास्त्रज्ञ रॉडरिक मॅकिनन यांनी दाखवली आणि २००३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

खरा आनंद 'पोर'च्या मुळात आहे. ग्रीक 'पोरोस' म्हणजे ओलांडायची वाट, नदीतला उतार. इस्तंबूलची सामुद्रधुनी बॉस्फरस म्हणजे 'गायीचा उतार'. मूळ धातू 'पेर्', पलीकडे जाणे. आपला 'पार' त्याच कुळातला. वाहून नेणे या अर्थाचा लॅटिन 'पोर्तारे'ही तिथलाच. त्यातून इम्पोर्ट आले, आणि केंद्रकात माल पोचवणाऱ्या प्रथिनांचे 'इम्पोर्टिन' हे नावही. वाट आणि वाहक एकाच धातूचे! शालेय पुस्तकातला 'निवडक्षम पारपटल' (निवडून पार होऊ देणारे पटल) हा शब्दही 'अर्धपार्य'पेक्षा सरस. अर्धे काय पार होते?

तेव्हा मी सरळ 'केंद्रक-उतार' सुचवतो. उतार 'तॄ' धातूचा, तीर्थही त्याचाच, आणि तीर्थाचा मूळ अर्थ नदी ओलांडायची जागा. परिभाषा केवळ तत्सम हवी म्हणणाऱ्यांना हा शब्द गावठी वाटतो. त्यांनी आधी काम बघावे. सुमारे ३० प्रकारच्या प्रथिनांचे हे अष्टकोनी बांधकाम. लहान रेणू आपले आपण जातात. साधारण ४० किलोडाल्टनच्या (किलोडाल्टन हे रेणूच्या वजनाचे माप; ही सीमा काटेकोर नाही) पुढे वाहक लागतो, आणि वाहक मालावरची खूण बघतो. एसव्ही-४० विषाणूच्या प्रथिनावर ही खूण सात अमिनो आम्लांची आहे. तिच्यातले एक ठरावीक लायसिन (हे एक अमिनो आम्ल) बदलले की प्रथिन बाहेरच राहते. आत पोचल्यावर जीटीपी (पेशीतला एक ऊर्जावाहक रेणू) धरलेले 'रॅन' प्रथिन इम्पोर्टिनला चिकटते आणि माल सुटतो. केंद्रकात रॅन-जीटीपी भरपूर, बाहेर अगदी कमी; हा फरक मिटला की वाहकांची ने-आण बंद पडते, भोक मात्र तेवढेच उघडे असते. याला छिद्र म्हणायचे?

उतार म्हणजे घसरण असा गोंधळ होईल, ही हरकत लंगडी आहे. तापाला पडलेला उतार आणि नदीला सापडलेला उतार मराठी माणूस कधी एक समजत नाही.