प्रमाणपत्र नसेल तर अर्जात पक्षीनिरीक्षणाची आवड कशी दाखवायची?

मुलगी बारावीला, अमेरिकेतल्या कॉलेजांना अर्ज करायचाय, पक्ष्यांचं वेड आहे पण बक्षीस एकही नाही, असं तुम्ही लिहिलंय. बक्षिसावाचून काही अडत नाही.

कॉमन ॲपमध्ये, म्हणजे अनेक अमेरिकी कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जात, उपक्रमांसाठी १० जागा असतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला जेमतेम १५० अक्षरं. तिथे ‘निसर्गाची आवड’ वगैरे नको. कुठे जाते, काय करते, एवढंच. दहाच्या दहा भरायची सक्ती नाही. ऐन वेळी उरकलेलं एका दिवसाचं वृक्षारोपण तर टाकूच नका.

खरी जागा निबंधाची, मर्यादा ६५० शब्द. ‘लहानपणापासून पक्षी आवडतात’ हे कोणीही लिहील. त्याऐवजी एखादी ठरावीक जागा घ्या. उदाहरणार्थ, नांदूर मध्यमेश्वर हे पक्षी अभयारण्य निफाड तालुक्यात, म्हणजे नाशिककरांच्या हाकेच्या अंतरावर. २०२० साली ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला आणि ही पाणथळ जागा तयार झाली. पाण्याची पातळी बदलली की पक्षी कुठे सरकतात, यंदा कोण उशिरा आलं, तिच्या नोंदवहीतली कोणत्या पक्ष्याची ओळख चुकीची निघाली आणि मग तिने काय धुंडाळलं, हे तिलाच ठाऊक. तेच लिहू दे. नोंदी ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या वेबसाइटवर, असतील तर तारखांसकट पुरावा आहेच. नसतील तर आता सुरू करा, पण जुनं काम म्हणून दाखवू नका.

शिफारसपत्र मात्र तिची वही पाहिलेल्या शिक्षकांकडूनच घ्या. आणि निबंधाला एजंटचा हात लागू देऊ नका, भाषा लगेच गुळगुळीत होते.