होमवर्क लवकर संपवायचाय? मग आधी फोन दुसऱ्या खोलीत ठेव

सायलेंट करून शेजारी ठेवला तर उपयोग शून्य, हात आपोआप जातोच, म्हणून दुसऱ्या खोलीतच. मग बसल्या बसल्या आज नेमकं काय करायचंय ते कागदावर लिही, पण "गणित करणे" असं नको, "सराव संचातली पहिली ५ गणितं" असं लिही, नाहीतर कुठून सुरू करू यातच अर्धा तास जातो बघ. अवघड विषय आधी घे, डोकं ताजं असतं तेव्हाच. नुसतं सुंदर अक्षरात उतरवून काढायचं काम शेवटी ठेवलं तरी चालतं.

टायमरवाली पद्धत ट्राय कर, पोमोडोरो म्हणतात तिला, फ्रान्सेस्को चिरिलो नावाच्या इटालियन माणसाने १९८० च्या दशकाच्या शेवटी कॉलेजात असताना काढलेली, २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं ब्रेक, असे चार राउंड झाले की मोठा ब्रेक. पण २५ चा आकडा काही पवित्र नाहीये, तुला सुरुवातीला १५ च जमत असतील तर १५ लाव. ब्रेकमध्ये रील्स नको हं, पाच मिनिटांचा तास कधी होतो कळत नाही, त्यापेक्षा उठ, पाणी पी, जरा चाल. एखादं गणित अडलं तर खूण करून पुढे जा, त्यावर रुसून बसू नकोस. आणि उद्याची बॅग झोपायच्या आधीच भर, केलेला होमवर्क घरी विसरला तर काय उपयोग!